फितूर की जागल्या?

इंदापूर तालुक्यातल्या कळंबच्या माळावर वालचंद हिराचंदांनी गेल्या शतकाच्या चौथ्या दशकात उसाची शेती आणि साखरेचा कारखाना उभा केला, आणि त्यातून वालचंदनगर हे गाव जन्माला आले. साखर कारखान्यांच्या यंत्रांपासून आरंभ करून तेथील अभियांत्रिकी कारखाना पुढे अणुभट्ट्यांचे भाग, नौदलाच्या जहाजांचे गिअरबॉक्स आणि इस्रोच्या अग्निबाणांच्या मोटारींची आवरणे घडवू लागला. येथे काय घडते हे पंचक्रोशीला ठाऊक आहे आणि त्याचा अभिमानही आहे. मात्र त्या आवरणाची जाडी किती, धातू कोणता, जोड कसा तपासला, हे कोणी विचारत नाही; विचारले तर कोणी सांगणार नाही. याबद्दल आमची तक्रार नाही. काही गोष्टी कुलपातच राहाव्यात, हे आम्हांस मान्य आहे.

परंतु ज्या पाण्यावर हे गाव वसले तो नीरा डावा कालवा याच परिसरातून वाहतो. धरणातून किती क्युसेक सुटले, वरच्या चाऱ्यांनी किती घेतले, टेलच्या गावांपर्यंत आवर्तन पोचले की कागदावरच संपले, एखाद्या योजनेची ‘सुप्रमा’ म्हणजे सुधारित प्रशासकीय मान्यता किती वेळा आणि कुणाच्या सहीने वाढली, हेही कागदावर असते, आणि तो कागदही कुलपात असतो. आमचा प्रश्न असा की ही दोन कुलुपे एकच आहेत काय? अग्निबाणाचे रेखाचित्र बाहेर नेणारा आणि कालव्याची नस्ती बाहेर आणणारा हे दोघे एकाच गुन्ह्याचे धनी ठरतात काय?

सुशिक्षित वर्गात, आणि दुर्दैवाने अध्यापकवर्गातही, या प्रश्नाचे ‘होय’ हे उत्तर सहज दिले जाते. सरकारी कागद फोडणे म्हणजे विश्वासघात, मग कागदात काहीही असो, असे ते मत. आमचे मत याच्या उलट आहे. ज्या कागदात शासनाने जनतेशी केलेला व्यवहार नोंदला आहे, तो जनतेपासून लपवला जात असेल आणि आतले सगळे दरवाजे ठोठावून झाले असतील, तर तो बाहेर आणणे समर्थनीय आहे; पुष्कळदा ते कर्तव्यच असते. मात्र कागद फोडण्याचे समर्थन केले म्हणजे तो डोळे मिटून छापण्याचेही समर्थन केले, असे नव्हे. या दुसऱ्या गोष्टीचा विसर आमच्या बाजूच्या मंडळींना वरचेवर पडतो, म्हणून तीही येथे बोलणे भाग आहे.

आधी कायद्याकडे पाहू. १८८९ च्या ऑक्टोबरात ‘अमृत बझार पत्रिके’ने काश्मीरच्या महाराजांविषयीचे सरकारच्या परराष्ट्र खात्यातील एक गुप्त टिपण छापले. त्याच सुमारास हिंदुस्थानात शासकीय गुपितांचा पहिला कायदा आला. १९०४ मध्ये लॉर्ड कर्झन यांच्या कारकिर्दीत तो अधिक कडक झाला. त्या वेळी व्हाइसरॉयच्या कायदेमंडळात त्याला कडाडून विरोध करणारे सभासद म्हणजे गोपाळ कृष्ण गोखले. गोखले हे मवाळ. इंग्रजी राज्य उलथावे असे त्यांच्या स्वप्नातही नव्हते. तरीही त्यांचा मुख्य आक्षेप नेमक्या मर्मावर होता: आरमार आणि लष्कर यांची गुपिते आणि मुलकी कारभारातील माहिती यांना हा कायदा एका पंक्तीत बसवतो, हे अन्यायाचे आहे. विधेयक अर्थातच मंजूर झाले. १९२३ मध्ये सगळे नव्याने बांधून आजचा शासकीय गुपिते अधिनियम तयार झाला, आणि गोखल्यांनी ज्या पंक्तीला हरकत घेतली होती ती पंक्ती स्वतंत्र भारतातही तशीच चालू आहे. या अधिनियमाचे तिसरे कलम हेरगिरीचे, तर पाचवे कलम अनधिकृतपणे माहिती देण्याघेण्याचे. ‘गुप्त’ म्हणजे काय, याची व्याख्या मात्र कायद्यात नाही. शिक्का मारणाऱ्याचा हात हीच व्याख्या.

परिणाम पाहा. मे २०२३ मध्ये पुण्यातील संरक्षण संशोधन प्रयोगशाळेच्या संचालकांना पाकिस्तानी हस्तकाला माहिती पुरवल्याच्या आरोपावरून दहशतवादविरोधी पथकाने अटक केली, ती याच कायद्याखाली. त्याआधी दोन वर्षे, मार्च २०२१ मध्ये, राज्य गुप्तवार्ता विभागाचा पोलीस बदल्यांतील कथित दलालीविषयीचा अहवाल कसा फुटला, याबद्दल मुंबईत अज्ञात व्यक्तींविरुद्ध गुन्हा नोंदवला गेला, तोही याच कायद्याखाली. एका प्रकरणात माहिती शत्रूकडे गेल्याचा आरोप आहे, दुसऱ्यात ती वर्तमानपत्र वाचणाऱ्या नागरिकांपर्यंत आली. कायद्याच्या लेखी दोन्ही गळत्या एकाच नळाच्या. दुसऱ्या प्रशासकीय सुधारणा आयोगाने आपल्या पहिल्याच अहवालात, २००६ साली, हा कायदा रद्द करावा अशी शिफारस केली होती. त्या अहवालावर कोणताही शिक्का नव्हता. तो सर्वांना वाचता येत होता, आणि बहुधा म्हणूनच कोणी वाचला नाही.

आता भाषेकडे. आम्ही भाषा शिकणारी-शिकवणारी माणसे, तेव्हा हा मुद्दा आम्ही सोडू नये. मराठीत आतली गोष्ट बाहेर सांगणाऱ्यासाठी शब्दांचा दुष्काळ नाही: फितूर, घरभेदी, चहाडखोर, चुगलखोर. सगळे शिव्यांच्या जातीचे. ‘फोडणे’ या क्रियापदाचाही संसार असाच. पेपर फुटतो, बिंग फुटते, भांडे फुटते, कालवा फुटतो. जणू सगळे काही सुखरूप, अखंड होते आणि कुणा नतद्रष्टाने ते मोडले. याच क्रियेला सन्मान द्यायचा झाला की आम्ही संस्कृतकडे धावतो आणि ‘गौप्यस्फोट’ म्हणतो. आणि हा शब्द वर्तमानपत्रांनी जवळपास राजकीय पुढाऱ्यांसाठीच राखून ठेवला आहे. पुढारी गौप्यस्फोट करतो, कारकून फितुरी करतो. कृती एकच.

इंग्रजीतल्या ‘व्हिसलब्लोअर’साठी मराठी वृत्तपत्रांनी काही वर्षांपूर्वी ‘जागल्या’ हा शब्द वापरात आणला. कुणाला सुचला कोण जाणे, पण आम्हांस तो मूळ इंग्रजी शब्दापेक्षा सरस वाटतो. गावगाड्यात जागल्या रात्री गावाची राखण करी, हाळी देऊन लोकांना उठवी. तो नोकर गावाचा. पाटलाच्या वाड्यातूनच धान्याची पोती हलू लागली तर गप्प बसणे हे त्याचे इमान नव्हे. निष्ठा कुणाशी, या प्रश्नाचे उत्तर त्या शब्दातच आहे. सरकारी नोकर हा सरकारचा की लोकांचा, यावर आम्ही परिसंवाद भरवतो. जुन्या गावाने तो वाद एका शब्दात मिटवून टाकला होता.

यावर आक्षेप येतो तो असा: माहितीचा अधिकार आहे ना? मग चोरवाटेने कागद बाहेर आणायचे कशाला? अर्ज करावा, दहा रुपये भरावेत, माहिती घ्यावी. आक्षेप वरवर बिनतोड आहे. माहिती अधिकाराच्या चळवळीत महाराष्ट्राचा वाटा मोठा. केंद्राचा २००५ चा कायदा येण्याआधीच राज्याने स्वतःचा कायदा केला होता. केंद्राच्या कायद्याचे कलम ८(२) तर असे सांगते की, गुपितांचा कायदा काहीही म्हणो, हानीपेक्षा लोकहित मोठे असेल तर माहिती देता येईल. शब्द सुंदर आहेत. पण पश्चिम घाटाचे काय झाले ते आठवावे. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील समितीने आपला अहवाल ऑगस्ट २०११ मध्ये केंद्र सरकारला दिला. तो डोंगर, नद्या आणि जंगले यांच्याविषयीचा. त्यात पाणबुडी नव्हती की अणुबाँब नव्हता. तरी तो दडपला गेला. माहिती अधिकारात अर्ज झाला, नकार आला, अपील झाले. केंद्रीय माहिती आयुक्त शैलेश गांधी यांनी एप्रिल २०१२ मध्ये तो प्रसिद्ध करण्याचा आदेश दिला. सरकार त्याविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात गेले, तेथे हरले, आणि मग मे महिन्यात अहवाल लोकांसमोर आला. सह्याद्रीत राहणाऱ्या माणसाला सह्याद्रीविषयीचा अहवाल वाचायला नऊ महिने लागले. आणि हा या कायद्याचा यशस्वी उपयोग, बरे का!

त्यातही या अहवालाची एक सोय होती: तो अस्तित्वात आहे हे जगाला ठाऊक होते. जो कागद आहे हेच ठाऊक नाही, तो मागायचा कसा? अर्जात विषय लिहावा लागतो. नस्तीच्या तिसऱ्या पानावरील अभियंत्याची प्रतिकूल टिपणी बाहेरच्या नागरिकाला स्वप्नात दिसत नाही. ती आहे हे सांगायला आतलाच कुणीतरी लागतो. शिवाय अर्ज करणे हेही निर्धोक नाही. तळेगाव दाभाड्याचे सतीश शेट्टी जानेवारी २०१० मध्ये मारले गेले. त्यांनी कागद चोरले नव्हते, रीतसर मागितले होते.

बारामती-इंदापूरच्या वाचकाला सिंचनाचे उदाहरण देणे म्हणजे काशीत गंगा सांगणे. तरी ते द्यावेच लागते, कारण महाराष्ट्रात या प्रश्नाची खरी कसोटी तेथेच लागली. नाशिकच्या महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्थेचे, म्हणजे ‘मेरी’चे मुख्य अभियंता विजय पांढरे यांनी २०१२ मध्ये राज्यातील सिंचन प्रकल्पांविषयी शासनाच्या सर्वोच्च पातळीवर पत्रे लिहिली. प्रकल्पांचे खर्च अवाजवी फुगवले गेले, कामांचा दर्जा खालावला, उपसा सिंचन योजनांचा पैसा वाया गेला, हा त्यांचा आशय. पत्रे सरकारला लिहिलेली होती, वाचकांना नव्हे. काही महिने काहीच झाले नाही. सप्टेंबरात हा मजकूर वृत्तपत्रांत आला, आणि मग आठवडाभरात जे झाले ते महिन्यांत झाले नव्हते. तत्कालीन उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी २५ सप्टेंबर २०१२ रोजी राजीनामा दिला. नोव्हेंबरअखेर सिंचनावर श्वेतपत्रिका निघाली. डिसेंबरात ते मंत्रिमंडळात परतले. माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखाली विशेष तपास समिती नेमली गेली आणि तिचा अहवाल २०१४ मध्ये आला.

या प्रकरणातला एक तपशील आमच्या मनात राहून गेला आहे. ज्या आकड्याने खरे काहूर माजवले तो मुळात गुप्त नव्हताच. दशकभरात सिंचनाखालील क्षेत्राचे प्रमाण केवळ ०.१ टक्क्याने वाढले, हे राज्याच्या २०११-१२ च्या आर्थिक पाहणीत छापलेले होते. श्वेतपत्रिकेने पुढे ही वाढ ५.१७ टक्के असल्याचे सांगितले. पाहणी अहवाल दरवर्षी निघतो, ग्रंथालयांत जातो, धूळ खातो. त्या आकड्याला अर्थ आला तो आतल्या माणसाने आतली रीत सांगितल्यावर. नुसता आकडा वाचून योजना कशी फसली हे कळत नाही; ती फसताना जो हजर होता त्याची साक्ष लागते. कागद फुटण्याचे महत्त्व आम्ही मानतो ते याकरिता. तो उघड माहितीलाही वाचनीय करतो.

‘पण सिद्ध काय झाले?’ असे विचारले जाते. प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर टाळू नये. २०१९ च्या अखेरीस लाचलुचपत प्रतिबंधक विभागाने उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे प्रतिज्ञापत्र देऊन या प्रकरणी अजित पवार यांच्यावर फौजदारी दायित्व येत नाही असे सांगितले. ज्यांना त्यात समाधान आहे त्यांनी मानावे, ज्यांना नाही त्यांनी वाद घालावा. आमचा मुद्दा निराळा आहे. कागद बाहेर आणणे योग्य होते की नव्हते, हे पुढे कोण दोषी ठरला यावरून ठरत नाही. ते विचारण्याचा हक्क लोकांना होता काय, यावरून ठरते. राफेलच्या वेळी हेच झाले. संरक्षण मंत्रालयातील टिपणे ‘द हिंदू’ने २०१९ मध्ये छापली, महान्यायवादींनी आधी न्यायालयात ती चोरीला गेल्याचे सांगितले, मग चोरी नव्हे, छायाप्रती काढल्या गेल्या, अशी दुरुस्ती केली. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिलमध्ये ती टिपणे विचारात घेता येतील असा निर्णय दिला, आणि नोव्हेंबरमध्ये फेरविचार याचिका फेटाळल्या. कागद वाचण्यायोग्य होता आणि दावा टिकला नाही, या दोन्ही गोष्टी एकाच वर्षात खऱ्या ठरल्या. यात विरोधाभास पाहणाऱ्यांस न्याय आणि खळबळ यांतला फरक कळलेला नाही.

आता आमच्याच बाजूच्या लोकांकडे वळतो. फुटलेला कागद हाती आला की त्यावर तुटून पडायचे, हा मराठी पत्रकारितेला जन्मापासून जडलेला मोह आहे. अगदी शब्दशः जन्मापासून. ‘केसरी’ १८८१ च्या जानेवारीत निघाला. वर्ष उलटते न उलटते तोच कोल्हापूरचे तरुण छत्रपती शिवाजी महाराज यांना वेडे ठरवून त्यांचा छळ चालला आहे, आणि त्यामागे दिवाण माधवराव बर्वे आहेत, असा मजकूर ‘केसरी’ आणि ‘मराठा’ यांत आला. आधार म्हणून जी पत्रे पुढे आली ती बर्व्यांची म्हणून दाखवली गेली होती. बर्व्यांनी अब्रुनुकसानीची फिर्याद केली. पत्रे बनावट निघाली. संपादकांनी माफी मागितली, तरी जुलै १८८२ मध्ये टिळक आणि आगरकर यांना चार महिन्यांची साधी कैद झाली आणि १०१ दिवस डोंगरीच्या तुरुंगात काढून ते बाहेर आले. आगरकरांचे त्यावरील पुस्तक आम्ही अभ्यासक्रमांतून वाचतो, त्यांच्या शैलीवर टिपणे काढतो. पण पुस्तकामागचे मूळ प्रकरण हे पाठचिकित्सेतल्या अपयशाचे आहे, हे वर्गात क्वचितच सांगितले जाते. हस्ताक्षर कुणाचे, पत्र आणले कोणी, आणणाऱ्याचा हेतू काय, दुसरी प्रत कोठे आहे, हे प्रश्न विचारायचे राहून गेले.

या गोष्टीचा शेवट मात्र कोणाच्याच सोयीचा नाही. २५ डिसेंबर १८८३ रोजी, नगरच्या किल्ल्यात, गोऱ्या रखवालदाराशी झालेल्या झटापटीनंतर शिवाजी महाराजांचा मृत्यू झाला. कागद खोटे होते. महाराजांच्या जिवाची काळजी खोटी नव्हती. बनावट पत्रांनी नुकसान केले ते केवळ दोन संपादकांचे नव्हे. त्यांनी खऱ्या प्रश्नाची पत घालवली आणि तो विचारणाऱ्यांना १०१ दिवस गप्प केले. म्हणून फुटलेला कागद न तपासता छापणाऱ्यास आम्ही शूर म्हणायला तयार नाही. राजवाड्यांनी १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ छापताना अस्सल, नक्कल आणि बनावट यांच्यात जो भेद करायला शिकवले, तो भेद कालच्या तारखेच्या कागदालाही लागू पडतो. उलट अधिक लागू पडतो, कारण ज्याच्यावर आरोप आहे तो जिवंत असतो.

राजवाड्यांचे नाव निघालेच आहे तर आणखी एक. पानिपतच्या काळातली जी पत्रे आम्ही मराठी गद्याचा वारसा म्हणून मिरवतो ती त्या काळची राज्याची गुपितेच होती. फौज किती, खजिना किती, कोण फुटला, कोण रुसला, असा मजकूर. पेशवे दफ्तरही इंग्रज सरकारने कित्येक वर्षे अभ्यासकांपासून दूर ठेवले होते. दीडशे वर्षे उलटली की गुपित साधन होते आणि आम्ही त्यावर प्रबंध लिहितो. मग काही गुपितांना दीडशे वर्षे थांबायला लावणे म्हणजे ज्यांच्यावर अन्याय झाला त्यांना मरू देणे, हे आम्हांस का उमगू नये?

काय फोडू नये, हेही सांगितले पाहिजे. ऑगस्ट २०१६ मध्ये मुंबईच्या माझगाव गोदीत बांधल्या जाणाऱ्या स्कॉर्पीन पाणबुड्यांविषयीची २२,४०० पाने बाहेर गेल्याचे ‘द ऑस्ट्रेलियन’ने उघड केले. त्या पानांतून नागरिकाला स्वतःच्या सरकारविषयी नवे काही कळणार नव्हते. कळणार होते ते पाणबुडी शोधणाऱ्याला. अशा गळतीचे समर्थन आम्ही करत नाही. डॅनियल एल्सबर्ग यांनी १९७१ मध्ये व्हिएतनाम युद्धाविषयीची सात हजार पाने वृत्तपत्रांना दिली, तेव्हा वाटाघाटींविषयीचे चार खंड मात्र त्यांनी मागे ठेवले. विवेक तो हाच. सत्तेतली आणि सत्तेच्या दारातली माणसे जे कागद फोडतात त्यांच्याविषयीही आम्ही सावध आहोत. वर उल्लेखलेला बदल्यांचा अहवाल २०२१ मध्ये तत्कालीन विरोधी पक्षनेते देवेंद्र फडणवीस यांनी पत्रकार परिषदेत मांडला. तो लोकहिताचा नव्हता असे आम्ही म्हणत नाही. परंतु त्या आठवड्यात गुप्ततेचे पावित्र्य सांगणारे आणि जनतेच्या हक्काचे गोडवे गाणारे यांनी खुर्च्या बदलल्या असत्या तर भाषणेही बदलली असती, याविषयी आम्हांस शंका नाही. ज्याच्यामागे पक्ष आहे, वकील आहेत, कॅमेरे आहेत, त्याचे धैर्य आणि ज्याच्यामागे फक्त पेन्शन आहे त्याचे धैर्य एका मापाने मोजू नये.

शेवटचा आक्षेप तात्त्विक आहे आणि आमच्या मते तोच सर्वांत वजनदार: कोणता कागद लोकहिताचा, हे ठरवण्याचा अधिकार निवडून न आलेल्या एका नोकराला दिला कोणी? उत्तर असे की, कोणीच दिला नाही. म्हणून तर तो शिक्षेचा धोका पत्करतो. पण उलट प्रश्नही विचारावा. शिक्का मारण्याचा अधिकार ज्याने वापरला तोही बहुधा निवडून आलेला नव्हता. निवडून आलेले मंत्री पदाची आणि गोपनीयतेची शपथ घेतात, आणि त्या शपथेच्या शब्दांतच कर्तव्यपालनासाठी आवश्यक असेल तेवढा अपवाद दिलेला आहे. हा अपवाद मंत्र्याला आहे, उपअभियंत्याला नाही.

त्याच्यासाठी संसदेने २०१४ मध्ये जागल्यांच्या संरक्षणाचा कायदा केला. राष्ट्रपतींची संमती मिळाली, राजपत्रात तो छापला गेला, आणि अंमलाची तारीख ठरवणे तेवढे राहिले. दशक उलटून गेले, ते राहिलेच आहे. शासकीय गुपितांच्या कायद्यातून मुलकी कारभार वगळा ही गोखल्यांची १९०४ मधली मागणी, आणि संसदेने स्वतःच केलेला कायदा अमलात आणा ही आजची, एवढ्या दोनच गोष्टी आम्ही मागतो. तोवर मुख्य अभियंत्याच्या हुद्द्यावरचा माणूस कदाचित बोलून तरून जाईल. मोजमाप पुस्तकात खोटी नोंद करायला लावलेला शाखा अभियंता, किंवा टेलच्या गावाला न पोचलेले पाणी पोचले म्हणून लिहावे लागलेला कालवा निरीक्षक, त्या पुस्तकाची छायाप्रत घेऊन कोठे जाणार आहे?